मधल्या खोलीचं छत

४ ऑगस्ट, रविवार

दादा चक्क "हो" म्हणाला! पाडायचं की ठेवायचं यावर भांडण्याआधी कोणीतरी जाणकार माणूस घर तपासून जाऊ दे, एवढंच माझं म्हणणं होतं. वर्षभर टाळत होता. आज फोनवर म्हणाला, "सी, नयना, तपासून काय निघणार? जुनं घर ते जुनंच. पण कर. रिपोर्ट हातात असलेला बरा."

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य टोचायला लागलं. बरा — कोणासाठी?

अण्णा गेल्यापासून घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. दादा तिकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डला. मी इथे वरच्या मजल्यावर, खाली परसू, त्याची बायको शिवलीला आणि आई भागुबाई. निपाणीकडची माणसं. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा भाड्याने राहायला आली, आता मी कॉलेजात शिकवते आणि ती अजून खालीच आहेत. बिल्डरला चामराजपेटेतली ही जागा हवी आहे. रिकामी हवी आहे.

मला काय हवं आहे? घर राहावं असं वाटतं. पण दादाचं म्हणणं खोडून काढायला तपासणी हवी, की खरं कळायला हवी? दोन्ही, असं लिहून टाकते. पहिलं जास्त.

७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी स्मृती येऊन गेली. इमारती तपासणारी इंजिनिअर, तिशीतली, बेळगावात वाढलेली. मराठी बोलता बोलता कानडीत शिरते आणि तिचं तिलाच कळत नाही.

तिच्याकडे दोन सुया असलेलं एक यंत्र होतं. सुया भिंतीत टोचल्या की ओल किती ते दिसतं. खालच्या पुढच्या खोलीत दिवा हिरवा. मधल्या खोलीत लावलं मात्र — लाल! जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत लाल, मग हिरवा, आणि छताजवळ पुन्हा लाल.

"म्हणजे ओल वर चढतेय?"

"स्वल्प थांबा मॅडम. हे यंत्र पाणी मोजत नाही. वीज किती जाते ते मोजतं. भिंतीत लोणा असला, म्हणजे खार साठलेला असला, तरी लाल लागतो. भिंत कोरडी असली तरी."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. दर वर्षी मुलांना सांगते — यंत्र काय दाखवतं आणि तुम्ही त्यावरून काय मानता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिच्या मते एकाच खोलीत तीन निरनिराळ्या ओली आहेत. खालची जमिनीतून येते. ही चुन्याची भिंत. पूर्वी ओल आली तरी वाळून जायची. अण्णांनी निवृत्त झाल्यावर तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. सरकारी कारखान्यात जन्मभर रेडार जुळवलेला माणूस, चुना म्हणजे त्यांना मागासलेपण वाटायचं. सिमेंटने भिंतीचं तोंड बंद झालं, पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, ते आत वर वर जात राहिलं. दुसरी ओल वाफेची: मधल्या खोलीला खिडकी नाही, स्वयंपाकघराची वाफ तिथेच गार होते. आणि तिसरी, छताजवळची — तिने बोट वर केलं — "वर तुमचं बाथरूम आहे का?"

आहे. माझ्या न्हाणीचं पाणी खालच्या भिंतीत मुरतंय. मी आंघोळ करते आणि भागुबाईंच्या उशाशी ओल येते.

भागुबाई त्याच खोलीत असतात. कंबर मोडल्यापासून पलंगावरून उठलेल्या नाहीत. आम्ही भिंती टोचत होतो आणि त्या आमच्याकडे लग्नघरात आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशा कौतुकाने बघत होत्या.

छताला खालून प्लायवूड ठोकलेलं आहे, तेही अण्णांचंच. एका कोपऱ्यात ते फुगून खाली आलंय. स्मृतीने स्टुलावर चढून त्या फटीतून टॉर्च मारला, हात घालून तुळईला टोचा लावला. टोचा आत गेला! बोटाच्या पेराएवढा, लोण्यात गेल्यासारखा. फटीतून पिवळट भुगा गळून भागुबाईंच्या चादरीवर पडला.

"पीठ सांडलं व्हय गं?" भागुबाई म्हणाल्या. शिवलीला हसली. मी हसू शकले नाही.

स्मृती म्हणाली, प्लायवूड काढून तुळया उघड्या केल्याशिवाय काही सांगता येणार नाही. परसू दारात उभा होता, छापखान्यात जायच्या तयारीत. तो म्हणाला, "न्हाई. उघडायचं न्हाई."

"अरे, फक्त बघायला —"

"अक्का, मागच्या गल्लीत मालकानं दुरुस्तीला म्हणून कौलं उतरवली. पुन्हा बसवायला आलाच न्हाई. पावसात भाडेकरू आपसूक गेलं. छत एकदा उघडलं की मिटत नसतंय. तुमी चांगल्या हायसा. पर न्हाई."

मी रागावले नाही. रागावायला जागाच नव्हती.

८ ऑगस्ट, गुरुवार

वरच्या न्हाणीचा नळ बंद केला. मागच्या अंगणातल्या मोरीत बादलीने आंघोळ. एवढं तरी.

१३ ऑगस्ट, मंगळवार

अहवाल आला. सगळा मुद्दा एकाच परिच्छेदात आहे. तुळयांना कीड लागलेली आहे. भिंतीत बसवलेली त्यांची टोकं कुजलेली असण्याची शक्यता आहे. उघडून पाहिल्याशिवाय ताकदीबद्दल मत देता येत नाही. तोवर मधली खोली झोपण्यासाठी वापरू नये, आणि वरच्या बाजूचं जड सामान हलवावं.

पुन्हा पुन्हा वाचलं. "शक्यता", "मत देता येत नाही". विद्यार्थ्याने असं लिहिलं तर मी शाबासकी देईन. पण त्या खोलीत एक माणूस आहे. सत्तरी ओलांडलेली, स्वतः कुशीवर वळू न शकणारी. "मत देता येत नाही" हे तिच्या अंगावर पडलं तर?

लाकडाबद्दल बरंच वाचत बसले. ओल्या भिंतीत गाडलेलं टोक आधी कुजतं आणि बाहेरून दिसत नाही. तुळई मधे धडधाकट दिसते, भार मात्र टोकांवर असतो. टोक गेलं की काही काळ शेजारच्या तुळया तो उचलतात. त्यामुळे कुठे तडा नाही, आवाज नाही. सगळं ठीक दिसतं, एक दिवस दिसेनासं होईपर्यंत.

आता वर देखील पाय जपून टाकते. हास्यास्पद आहे. तरी टाकते.

१४ ऑगस्ट, बुधवार

लोखंडी कपाट सरकवलं. अण्णांचं, पुस्तकांनी भरलेलं, बरोबर भागुबाईंच्या पलंगावर येत होतं. पुस्तकं काढली, कपाट ढकलत ढकलत पुढच्या भिंतीला नेलं. लाल ऑक्साइडच्या जमिनीवर लांब पांढरे ओरखडे.

मग लक्षात आलं — त्यांना अजून काही सांगितलेलंच नाही. आधी कपाट हलवलं, माणसं नंतर! त्यांचा भार कमी करायला हलवलं, हे खरं. पण कपाट हलवताना मनात खालची माणसं नव्हती, मी कपाटासकट खाली जाईन हे होतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टीमुळे परसू घरी होता. अहवाल घेऊन खाली गेले. जे लिहिलंय तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, असं घोकून गेले होते. "कीड नक्की आहे. टोकं कुजलेली असू शकतात. नसतीलही. पण कळेपर्यंत भागुबाईंचा पलंग पुढच्या खोलीत घ्या."

परसू पुठ्ठे कापत होता. घरी बाइंडिंगची कामं आणतो. पुढची खोली गठ्ठ्यांनी भरलेली. मान वर न करता म्हणाला, "गठ्ठं कुटं ठेवू? डोक्यावर?"

शिवलीला म्हणाली, "आणि रस्त्यावरचं दार हाय तिथं. म्हातारीला धुवायचं-पुसायचं कसं? लोकं बघत जात्यात." मग जरा थांबून, "अक्का, खरं सांगा बगू. पडंल का?"

"पडू शकतं," मी म्हणाले.

"शकतं तर आभाळ बी," परसू म्हणाला. भागुबाई आतून हसल्या. त्यांना सगळं ऐकू येतं.

वर आले. "शकतं" हा शब्द बरोबर होता का? होता. मग मी तो इतक्या गंभीर तोंडाने का म्हटला? आणि साध्या तोंडाने म्हटला असता, तर भागुबाईंशी बेइमानी झाली असती का?

१७ ऑगस्ट, शनिवार

दादाला अहवाल आवडला. "एक्सलंट! झोपण्यासाठी वापरू नये — इंजिनिअरची सही आहे ना खाली?"

"दादा, त्याच्या मागचं-पुढचं पण वाच. तिने नक्की काही म्हटलेलं नाही."

"तू मुलांचे पेपर तपासतेस तसं वाचू नकोस गं. त्यांना सांग, घर डेंजरस आहे. खोटं सांगतेयस का?"

नाही. खोटं नाही. तोच तर घोळ आहे. ती माणसं गेली की दादाचं काम होतं, आणि ती माणसं गेली की भागुबाई वाचतात. दोन्ही एकाच वाक्याने. ते वाक्य मी बोलते तेव्हा कोणासाठी बोलते, हे मला तरी कुठे तपासता येतंय?

१८ ऑगस्ट, रविवार

दुपारी शिवलीला वर आली. एरवी येते तेव्हा हातात वाटी असते, चटणी नाहीतर धपाटी. आज हात रिकामे. चहा नको म्हणाली. जमिनीकडे बघत उभी राहिली, त्या ओरखड्यांकडे.

"कपाट हितं होतं नव्हं?"

"हो."

"बुधवारी सरकवलंसा. खाली आवाज आला. म्हातारी दचकली."

 तिने पायाच्या अंगठ्याने एक ओरखडा घासून पाहिला.

"मागल्या दिवाळीत तुमच्या दादांनी बी सांगितलं हुतं, छत पडणार म्हणून. येऊन बसलं, चहा घेतला आणि सांगून गेलं. तवा तुमचं कपाट जागेवरच. म्हणून आमी हाललो न्हाई. मालक लोकं म्हणत्यातच." मग माझ्याकडे बघून, "आता तुमी हाललासा."

दादाने सांगितलं होतं! मला काहीच माहीत नव्हतं.

"आमी जातो अक्का," ती म्हणाली. "म्हातारीला हितं ठिवून मला झोप यायची न्हाई. परसूला मी सांगते."

गेली. आणि मी तिला थांबवून "फक्त ती खोली रिकामी करा, घर सोडायची गरज नाही" असं पुन्हा म्हटलं नाही. एकदा सांगून झालंय, असं मनाशी म्हणाले. पुढच्या खोलीत सोय होत नाही हे त्यांनीच सांगितलंय, असंही म्हणाले. पण तेव्हा त्यांचा विश्वास नव्हता, आता होता. आता सांगितलं असतं तर त्यांनी गठ्ठे हलवले असते, दाराला पडदा लावला असता. का नाही सांगितलं?

भीती. त्या पावलांखालच्या लाकडाची खरीखुरी भीती. एवढंच असावं अशी आशा आहे.

संध्याकाळी दादाला विचारलं. "अगं, सगळेच ओनर्स म्हणतात," तो म्हणाला. "इट्स जस्ट अ लाइन."

२५ ऑगस्ट, रविवार

त्यांना कामाक्षीपाळ्याला घर मिळालं. तिसरा मजला, जिना अरुंद. गणपतीच्या आत जायचं म्हणतात. खालून दिवसभर सुतळ्या आवळल्याचे आवाज.

भागुबाईंनी हाक मारून बोलावलं. पलंगापाशी बसले. छताकडे बोट करून म्हणाल्या, "हे काय वंगाळ न्हाई गं. मी रोज बघतो की. मला म्हाईत हाय." मग माझा हात दाबून, "पर तू म्हणतीस तर आसंल."

१ सप्टेंबर, रविवार

गेली.

भागुबाईंना खुर्चीला बांधून टेम्पोत चढवलं. डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि त्यांना हात वर नेता येत नव्हता. शेवटी मीच सारखा केला. "व्हरात काढल्यागत काढली की रं मला," म्हणाल्या. सगळे हसले. टेम्पो वळेपर्यंत त्या मागे वळायचा प्रयत्न करत होत्या. मान तेवढी वळत नाही त्यांची.

नव्या घरी दूध उतू घालायला शिवलीलाने मला मुद्दाम नेलं. "घरमालकीण बरोबर पायजे," म्हणाली. थट्टा नव्हती, मनापासून. पातेलं माझ्याच हातांनी चुलीवर ठेवायला लावलं. दूध पूर्वेकडे उतू गेलं. शुभ, म्हणे. तिसऱ्या मजल्यापर्यंत चौघांनी खुर्ची उचलली. वर भागुबाईंनी त्या दुधाचा घोटही घेतला नाही.

परत आले तर खालचं दार सताड उघडं. आत फक्त भिंती. पलंग होता तिथे ऑइलपेंटवर डोक्याचा तेलकट डाग.

९ सप्टेंबर, सोमवार

उद्या स्मृती येते, छत उघडायला. आता अडवणारं कोणी नाही. मनात काय आहे ते लिहिते, नाहीतर उद्या ते मलाच नाकारता येईल: टोकं कुजलेली निघावीत असं वाटतंय. माझ्याच घराची तुळई मोडकी निघावी अशी इच्छा करतेय.

१० सप्टेंबर, मंगळवार

प्लायवूड निघालं. धुरळा बसल्यावर वर पाहिलं. ओळीने सागाच्या तुळया, मधे उभ्या लावलेल्या विटा. तुळयांची अंगं चाळणीसारखी भोकाभोकांची.  आणि — हे लिहायलाच हवं — सुटल्यासारखं वाटलं.

मग स्मृतीने हत्यार घेतलं आणि एका तुळईची कड तासली. भुसभुशीत थर सहज सुटून आला. त्याखाली लाकूड. घट्ट, मधासारखं तपकिरी. तिने तिथे टोचा मारला. गेला नाही. हातोडी मारली. खणखणीत आवाज आला, खोलीभर.

एकेक तुळई ती तशीच तपासत गेली. मी खाली उभी, तोंडावर रुमाल. सागाचा बाहेरचा फिका थर तेवढा किड्याने खाल्ला होता. तो खातोच, म्हणाली. आतला गाभा त्याला चालत नाही. कीडही जुनीच, कधीची मेलेली. त्या दिवशी टोचा नेमका तेवढ्या थरात गेला होता. आणि छताजवळचा लाल दिवा? निम्मा पाण्याचा, निम्मा खाराचा. माझ्या न्हाणीच्या बाजूला दोन टोकं खरंच कुजली होती. बाकी सगळी शाबूत.

"दोन टोकांना खालून आधार द्यायचा, कुजलेलं कापून नवीन जोडायचं. न्हाणी दुरुस्त करायची. सिमेंट काढून पुन्हा चुना. घर आपल्या दोघींपेक्षा जास्त टिकेल, मॅडम."

ती खूश होती. चांगली बातमी देत होती मला.

मी विचारलं, "हे सगळं खाली माणसं राहत असताना करता आलं असतं?"

तिने रिकाम्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 

"पलंग पुढच्या खोलीत घेतला असता तर... हो. पण मॅडम, त्यांनी उघडू दिलं नव्हतं ना. न उघडता मी दुसरं काय लिहिणार होते?"

तिने काहीच चुकीचं लिहिलं नव्हतं. मीही चुकीचं काही बोलले नव्हते. परसूसुद्धा चुकला नव्हता. त्याला ठाऊक होतं ते खरंच होतं. छत उघडलं, आणि ती माणसं बाहेर होती.

११ सप्टेंबर, बुधवार

दादाला सांगितलं. त्यांना परत बोलवायचं म्हटलं.

"परत? नयना, आर यू मॅड? मोठ्या मुश्किलीने रिकामं झालंय. आणि लाकूड चांगलं निघालं तर उत्तमच की, जुन्या सागाला इथे शिवाजीनगरात मागणी असते."

"स्मृती नवा अहवाल लिहितेय."

"लिहू दे. पहिला आहेच आपल्याकडे."

बिल्डरच्या कागदांवर मी सही करणार नाही, असं सांगितलं.  मग हळू आवाजात म्हणाला, "मी नुसतं म्हणत होतो गं, पडेल म्हणून. माझ्या म्हणण्याने कोणी हललं नाही. तू हलवलंस त्यांना." टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच समजूत घालत होता.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शिवलीला फोन उचलत नाही. एका अर्थी बरंच. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. सुतार ठरवला, टोकांचं काम सोमवारी सुरू. मधल्या खोलीला खिडकी पाडता येईल, स्मृती म्हणते. ते झालं की भागुबाईंना पडल्या पडल्या आभाळ दिसेल.

रविवारी जाऊन सांगते. सगळं. कपाटाचंही. रागावतील. रागावू देत, पण परत येतील.

१५ सप्टेंबर, रविवार

कामाक्षीपाळ्याला गेले. जिन्यातच चपलांचा ढीग. भागुबाई काल गेल्या. इथे आल्यापासून खाणंच सोडलं होतं, शिवलीला म्हणाली. परसूने माझे दोन्ही हात धरले. "अक्का, तुमच्यामुळं निदान अंथरुणावर गेली. ढिगाऱ्याखाली न्हाई." मग डोळे पुसत म्हणाला, "शेवटपातूर इचारत हुती — पडलं का रं आपलं छत? पडलं का?" सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

"पडलं," मी म्हणाले. "मधल्या खोलीतच. पलंग होता, तिथं."